ओढ्यापलीकडची घरं

विमानतळाच्या धावपट्टीखाली एक गाव आहे, हे त्या उपनगरातल्या निम्म्या लोकांना ठाऊक नाही आणि उरलेल्या निम्म्यांना त्याचं काही वाटत नाही. वाटायचं तरी कशाला? विमानतळासाठी गाव उठवलं, इकडे आणलं, प्लॉट पाडून दिले, रस्ते झाले, दुकानं आली. मग शहरच सरकत सरकत येऊन टेकलं आणि गावाचं उपनगर झालं. विषय संपला. पण ड्रॉइंग मास्तरांना तो संपू द्यायचा नव्हता. शाळेतून निवृत्त झाल्यापासून दर रविवारी सकाळी ते वाचनालयाच्या मागच्या खोलीत हातात लाकडी पट्टी घेऊन उभे राहायचे आणि जो सापडेल त्याला गावाचा इतिहास ऐकवायचे. फुकट पेपर वाचायला आलेला एखादा बिचारा त्यांच्या तावडीत सापडला की जेवायच्या वेळेपर्यंत काही सुटत नसे.

खोलीत तसं फार काही नव्हतं. जुन्या शाळेची घंटा, गिरणीच्या जात्याची खालची तळी, थोडे फोटो आणि भिंतीवर काचेआड एक नकाशा. नकाशा मास्तरांनी स्वतः काढलेला, अगदी ऐन विशीत, ड्रॉइंगची परीक्षा नुकतीच पास झाले होते तेव्हा. त्यात गावातलं घरन् घर होतं. विहीर होती, वडिलांची पिठाची गिरणी होती, शाळा होती, मोठी झाडंसुद्धा होती. उजव्या अंगाला वरून खाली ओढा वाहत होता, निळ्या शाईत, आणि ओढ्याच्या पलीकडच्या मोकळ्या जागेत उत्तर दिशा दाखवणारा बाण होता. बाण कसला, दागिनाच तो. टोकाला नक्षी, मधे कमळासारख्या पाकळ्या, एका बाजूला बारीक रेघांची छाया. बघणाऱ्याची नजर आधी तिथेच जायची. लोक म्हणायचे, "मास्तर, बाण काय काढलाय हो," आणि मास्तर घाईघाईनं पट्टी विहिरीवर टेकवून म्हणायचे, "आता ही विहीर बघा."

कारण ती जागा मोकळी नव्हती. त्या बाणाच्या जागी माणसं राहत होती.

एके काळी ओढ्यापलीकडे विटांची भट्टी होती. भट्टीवर कामाला आलेली माणसं भट्टी बंद पडल्यावरही तिथेच राहिली. त्यांची पोरं गावच्या शाळेत यायची, बाया विहिरीवर यायच्या, दळण गिरणीत यायचं. गाव त्यांना 'पलीकडचे' म्हणायचं, पण गावातलेच धरायचं. गाव उठायची वेळ आली तेव्हा ज्याचं घर नकाशात, त्याला प्लॉट, असं ठरलं. पलीकडच्यांची घरं नकाशात नव्हती. झालं. कुणी कुठे, कुणी कुठे पांगलं, आणि ज्यांना कुठेच जायला जमलं नाही ते नव्या विमानतळाच्या कुंपणाला लागून पत्र्याच्या खोल्या ठोकून राहिले. त्याला आजही 'कुंपणाची रांग' म्हणतात. डोक्यावरून विमानं जातात आणि बोलणारा माणूस तोंड उघडं ठेवून थांबतो, आवाज गेला की पुढचा शब्द बोलतो.

आणि हे केलं कुणी, तेही सगळ्यांना माहीत होतं. मास्तरांच्या वडिलांनी. गिरणीवाले दादा. गावचा कारभार त्यांच्याच हातात होता, नकाशा त्यांच्याच घरातून गेला, आणि गावाला मिळालेल्या जागेतला कोपऱ्याचा मोठा प्लॉट त्यांच्याच वाट्याला आला. आणखी काय पुरावा हवा? पलीकडच्यांना वगळलं की बाकीच्यांच्या वाट्याला जास्त जागा, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. आणि दादांनी भर सभेत कबूलच केलं होतं, मीच सांगितलं तसं काढायला, म्हणून.

एका सोमवारी वाचनालयाच्या बाईंनी मास्तरांना बोलावून घेतलं. या ग्रंथपाल बाई, बोलायला फटकळ पण मनानं मोकळ्या, आणि ती इतिहासाची खोली त्यांच्याच हट्टानं उभी राहिलेली.

"मास्तर, बसा. कुंपण पुढे सरकणार आहे," बाई म्हणाल्या. "सगळी रांग हटवणार. जी माणसं मूळ गावची, त्यांना नव्या इमारतीत पक्की खोली. बाकीच्यांनी आपापलं बघायचं."

"मग रांगेतली माणसं मूळ गावचीच आहेत की."

"ते तुम्हाला माहीत, मला माहीत. साहेबाला कोण सांगणार? शिवणवाल्या मावशी गेल्या होत्या कचेरीत. तिथे म्हणाले, गावचा जुना नकाशा वाचनालयात आहे, त्यात तुमचं घर दाखवा. म्हातारी काय दाखवणार, बाण?"

शिवणवाल्या मावशी म्हणजे पलीकडच्यांपैकी, मास्तरांच्या शाळेचे सदरे ज्यांनी शिवले त्या. दर वर्षी माप घेताना म्हणायच्या, तू वाढतोस की पाणी घातलेलं झाड वाढतंय. आता ऐंशीच्या पुढे गेल्या होत्या आणि अजून त्या पत्र्याच्या खोलीत बसून लोकांच्या पँटी आखूड करून देत होत्या.

"गुरुवारी साहेब इथे येतोय, नकाशा बघायला," बाई म्हणाल्या. "तुम्ही फक्त एवढंच सांगायचं की पलीकडे घरं होती आणि ती काढली नाहीत. काढणारा माणूसच सांगतोय म्हटल्यावर आणखी काय लागतं?"

"सांगतो ना. का नाही सांगणार?"

"तो विचारेल, का नाही काढली. तर सांगून टाका, वडिलांनी सांगितलं म्हणून. मास्तर, मला माहीत आहे, बापाविरुद्ध बोलायला जड जातं. पण ते गेले आता, त्यांना काय फरक पडणार? आणि अख्ख्या वस्तीला माहीतच आहे. तुम्ही काही नवीन सांगत नाही."

मास्तर "हो" म्हणाले आणि उठले. नकाशाकडे न बघताच ते बाहेर पडले.

कारण खरी गोष्ट अशी होती की दादांनी असलं काही सांगितलंच नव्हतं.

त्या वेळी कचेरीनं जमिनीची मोजणी केली होती, पण घरांचा नकाशा गावानं द्यावा असं सांगितलं. दादांची छाती फुगली. माझा मुलगा काढेल म्हणाले. मुलगा कागद घेऊन बसला आणि सुरुवातीलाच चुकला. विहीर मधोमध धरून त्यानं गाव मांडायला घेतलं आणि उजवीकडे ओढ्यापाशी कागद जवळजवळ संपला. पलीकडची घरं बसवायची तर दुसरा कागद जोडायला हवा, नाहीतर सगळं पुसून लहान मापात पुन्हा काढायला हवं. निम्मी शाई तर चढली होती. दादा गिरणीतून पिठानं पांढरे होऊन आले, वाकून बघितलं आणि म्हणाले, "पलीकडचे राहिले. दुसरा कागद जोड." मुलाला जोड नको होता. जोड दिसतो. एवढा देखणा नकाशा, कडेला ओढ्याची निळी रेघ, आणि त्याच्या शेजारी चिकटवलेलं ठिगळ? तो म्हणाला, "त्यांचा नकाशा साहेब वेगळा घेणार आहेत, दादा. मला तसं सांगितलंय." साफ खोटं. कुणी काही सांगितलं नव्हतं. त्याला वाटलं, कचेरीवाले येऊन बघतीलच की स्वतःच्या डोळ्यांनी, घरं काय पळून जातात? आणि मग पलीकडची ती मोकळी जागा फारच उघडी दिसायला लागली, म्हणून त्यानं तिथे बाण काढला. बाणाला सगळ्यात जास्त वेळ घेतला.

कचेरीवाले आले नाहीत. नकाशा इतका नेटका होता की यायची गरजच कुणाला वाटली नाही.

प्लॉट वाटले गेले तेव्हा दादा धावत कचेरीत गेले, पण तोवर सगळ्यावर शिक्के बसले होते. घरी येऊन ते मुलासमोर उभे राहिले. साहेबांनी वेगळा नकाशा मागितलाच नव्हता, हे त्यांना कचेरीत कळलं होतं. मुलाला त्याच आठवड्यात शाळेत ड्रॉइंग मास्तराची जागा मिळायची होती, आणि ज्याचा नकाशा खोटा त्याला ती कोण देणार? दुसऱ्या दिवशी सभेत पलीकडचे चिडून उभे राहिले, कुणीतरी विचारलं, हे कुणी सांगितलं, आणि दादा म्हणाले, मी सांगितलं. मुलगा मागच्या ओळीत बसला होता. त्याला वाटलं आता उठावं. मग वाटलं, जरा वेळानं उठू. तो जरा वेळ पुढे आयुष्यभर चालला.

नव्या वसाहतीत दादांनी पुन्हा गिरणी टाकली, पण रांगेतली माणसं दळणाचे डबे डोक्यावर घेऊन तिच्यावरून पुढे जायची, पार शहराच्या गिरणीपर्यंत. दादा दारात उभे राहून बघायचे. मुलगा तोवर मास्तर झाला होता, खडू घेऊन पोरांना सरळ रेघ कशी काढायची ते शिकवत होता.

त्या संध्याकाळी मास्तरांनी बायकोला सगळं सांगितलं. म्हणजे, बाईंनी काय सांगितलं ते सांगितलं. बाकीचं इतकी वर्षं सांगितलं नव्हतं, ते त्या संध्याकाळी तरी कुठून सांगणार?

"बोला की मग," बायको भाजी निवडता निवडता म्हणाली. "मावशींना खोली मिळत असेल तर अडायचं कशाला?" मग म्हणाली, "एक सांगू? या घरात आल्यापासून मी सासऱ्यांबद्दल काय काय ऐकून घेतलं. बाजारात, नळावर. पण घरात कधी त्या माणसानं दुसऱ्याच्या ताटातला घास ओढलेला बघितला नाही मी. आजारपणातसुद्धा आधी विचारायचे, तू जेवलीस का. मला कधी पटलंच नाही. पण स्वतःच कबूल केलं म्हटल्यावर आपण काय बोलणार."

मास्तर पाणी प्यायच्या निमित्तानं उठून गेले. तांब्या भरलेला होता तरी त्यांनी तो पुन्हा भरला.

गुरुवारपर्यंत त्यांनी मनातल्या मनात शंभरदा ठरवलं की खरं सांगायचं. आंघोळ करताना ठरवलं, सदऱ्याची बटणं लावताना ठरवलं. ठरवायला काय जातं? वाचनालयात पोचले तर रांगेतली माणसं बाकांवर दाटीवाटीनं बसलेली, पुढच्या बाकावर शिवणवाल्या मावशी, स्वच्छ धुतलेलं लुगडं नेसून. मास्तरांना बघून त्यांनी हातानंच 'ये' केलं, जणू अजून सदऱ्याचं मापच घ्यायचंय.

साहेब सर्दीनं बेजार झाले होते. एका हातात रुमाल, दुसऱ्या हातात पेन. त्यांनी नकाशा बघितला, नाक पुसलं आणि म्हणाले, "बाण छान आहे." बाईंनी मास्तरांकडे बघितलं. मास्तर खाली बघत होते.

"तर तुमचं म्हणणं, इथे घरं होती?"

"होती," मास्तर म्हणाले. पट्टी घेऊन त्यांनी काचेवरून एकेक जागा दाखवली. इथे भट्टीच्या मुकादमाचं, इथे दोघा भावांचं, इथे मावशींचं, दाराला पायरी होती, पायरीवर शिवणाचं मशीन असायचं. मागच्या बाकावरून एक म्हातारा म्हणाला, "बरोबर." मास्तरांना एकही घर आठवायला थांबावं लागलं नाही. थांबावं लागणार कसं, रोज रात्री डोळे मिटले की तेवढाच भाग दिसायचा.

"मग काढली का नाहीत?" साहेबांनी विचारलं.

सगळ्या खोलीचं लक्ष मास्तरांच्या तोंडाकडे लागलं. मावशी त्यांच्याकडे बघत होत्या, आणि त्या नजरेत राग नव्हता. तिथेच सगळं बिघडलं. राग असता तर कदाचित मास्तर बोलून गेले असते.

"वडिलांनी सांगितलं होतं," मास्तर म्हणाले.

किती सहज निघालं ते तोंडातून. साहेबांनी लिहून घेतलं, मास्तरांची सही घेतली आणि शिंकत शिंकत रांगेतल्या सगळ्यांना सांगितलं, काम होईल, काळजी करू नका. बाईंनी डोळे पुसले. लोक उठून एकमेकांशी बोलायला लागले, कुणीतरी मास्तरांचा हात धरून हलवला. मास्तर हसले. स्वतःची त्यांना इतकी किळस कधी आली नव्हती. बाप जिवंत असताना एकदा विकला होता, आता मेल्यावर पुन्हा विकला, आणि या खेपेला तर नोकरी हुकायची भीतीसुद्धा नव्हती.

"मास्तर, मावशींना घरापर्यंत सोडता का?" बाई म्हणाल्या. "गर्दीत धक्का लागेल म्हातारीला."

मावशींची खोली रांगेच्या शेवटाला होती. आत मशीन, एक खाट, दोरीवर लोकांचे कपडे आणि खिडकीतून दिसणारी कुंपणाची जाळी. जाळीपलीकडे धावपट्टी. मावशींनी मास्तरांना खाटेवर बसवलं आणि स्वतः मशीनच्या स्टुलावर बसल्या.

"बरं झालं बाबा, बोललास," त्या म्हणाल्या. "मी काय म्हणते, आता मान वर करून चालत जा. इतकी वर्षं बघते मी, आमच्या रांगेवरून जाताना तुझी नजर कशी जमिनीवर असते. मी पोरांना सांगायचे, त्याला काही बोलू नका, त्याचा काय दोष. बापानं सांगितलं, पोरानं काढलं. बापाचं ओझं पोरानं किती दिवस वाहायचं?"

एक विमान डोक्यावरून गेलं. पत्रा थरथरला. मावशी हात मांडीवर ठेवून आवाज जायची वाट बघत राहिल्या, आणि मास्तरांना वाटलं, हा आवाज असाच राहिला तर बरं. तो राहिला नाही.

"मावशी, दादांनी नव्हतं सांगितलं."

"काय?"

"दादा म्हणाले होते, दुसरा कागद जोड, पलीकडचे राहिले. मी जोडला नाही. नकाशा वाईट दिसेल म्हणून. त्यांना खोटंच सांगितलं की साहेब तुमचा नकाशा वेगळा घेणार आहेत. त्यांना काही ठाऊक नव्हतं."

"आणि सभेत ते म्हणाले ते?"

"माझी लागायची नोकरी हुकली असती. म्हणून त्यांनी स्वतःवर घेतलं. मी घेऊ दिलं. आजसुद्धा."

मास्तर वाट बघत होते. शिव्या द्याव्यात, हाकलून द्यावं, मशीनवरची कात्री फेकून मारावी, काहीही चाललं असतं. मावशींनी मशीनवरचं कापड उगाचच सरळ केलं.

"ते आले होते इथे," त्या म्हणाल्या. आवाज एकदम बारीक झाला होता. "ही रांग नुकती ठोकली होती तेव्हा. माझा नवरा नुकताच गेलेला, पोरं एवढी एवढी. या दारात उभे राहिले. म्हणाले, माझा कोपऱ्याचा प्लॉट मोठा आहे, अर्धा तुझ्या नावावर करतो, पोरांना घेऊन तिकडे राहायला ये."

मास्तरांना हे माहीत नव्हतं. दादा घरात कधी बोलले नव्हते.

"मी काय म्हटलं सांगू तुला? सगळी रांग ऐकत होती, मुद्दाम मोठ्यानं म्हटलं. चोराच्या अंगणात माझी पोरं खेळणार नाहीत म्हटलं. आमचं घर गिळलंस आणि आता तुकडा टाकायला आलास म्हटलं."

"मग?"

"मग काय. ते म्हणाले, बरं." मावशींनी कापड सोडून दिलं. "नुसतं बरं म्हणाले आणि गेले. एवढंच म्हणाले असते ना, की मी नाही केलं, तर मी निदान ऐकून तरी घेतलं असतं. पण बरं म्हणाले. मला वाटलं, बघा, केलंय म्हणून तोंडातून शब्द फुटत नाही. आणि ही गोष्ट मी आयुष्यभर मिरवली रे. पोरांना सांगितली, नातवंडांना सांगितली, आजीनं गिरणीवाल्याला दारातून कसं घालवलं म्हणून. ते गेले तेव्हा आमच्यातलं एकही माणूस फिरकलं नाही. मी जाऊ दिलं नाही कुणाला."

मास्तर रडत होते, पण त्याचा कुणाला काही उपयोग नव्हता आणि हे त्यांनाही कळत होतं. मावशींनी त्यांना रडू दिलं, पाठीवर हात ठेवला नाही. मग गुडघ्यावर हात टेकून त्या उठल्या आणि दारापाशी गेल्या.

"मावशी, कुठे निघालात?"

"बस तू तिथेच. उठायचं नाही." त्यांनी बाहेर बघून हाका मारायला सुरुवात केली, आधी मोठ्या मुलाला, मग सुनेला, मग पलीकडच्या खोलीतल्या दोघा भावांना. वाचनालयातून आनंदात परत आलेली माणसं, काहींच्या पायात अजून चपला होत्या. एकेक जण येऊन दारात उभा राहायला लागला, मागचे पुढच्यांच्या खांद्यावरून डोकावायला लागले, आणि मावशी प्रत्येकाला म्हणत होत्या, "आत ये, खाली बस. मास्तरांना दादांबद्दल सांगायचंय."